शंकरपटावरील चित्रकथा: चौकटींची आखणी आणि दृश्याचे अंतर कसे ठरवावे?

प्रश्न: धानपट्टी (लाखनी, जि. भंडारा)

नमस्कार. आमच्याकडील शंकरपटावर, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीवर, मी 16 पानांची कृष्णधवल चित्रकथा तयार करीत आहे. ए-4 कागद मधोमध दुमडून तालुक्याच्या झेरॉक्स केंद्रावर प्रती काढाव्यात आणि त्या शाळकरी मुलांना व पटाला येणाऱ्या मंडळींना वाटाव्यात, असा विचार आहे. कथा साधी आहे. वडिलांचा पाय मोडल्यामुळे शेतकऱ्याची मुलगी घरची बैलजोडी पटात स्वतः हाकायचे ठरवते.

अडचण आखणीची आहे. कच्च्या आराखड्यात प्रत्येक पानावर सहा सारख्या चौकटी आहेत आणि बहुतेक चौकटींत माणसे डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दिसतात. त्यामुळे चुलीजवळच्या बोलण्याचे पान आणि शर्यतीचे पान डोळ्यांना सारखेच वाटते. एका पानावर डावीकडे दोन लहान चौकटी एकाखाली एक आणि उजवीकडे एक उभी, लांब चौकट अशी रचना करून पाहिली, तर पुतण्याने वरची लहान चौकट वाचून थेट उजवीकडची उभी चौकट वाचली. जोडी सुटण्याआधीच त्याला निकाल कळला. चौकटींची संख्या, दृश्याचे अंतर आणि शर्यतीची पाने यांची आखणी जाणकार कशी करतात?

उत्तर: रेषा आणि शाई (वरुड)

आखणी चौकटींपासून सुरू करू नका, प्रसंगापासून करा. प्रत्येक पानासाठी एकच वाक्य लिहा: हे पान संपेपर्यंत वाचकाला कोणती नवी गोष्ट कळायला हवी? त्या वाक्यातील क्रिया ज्या चौकटीत घडते, तिला पानावरची सर्वांत मोठी जागा द्या. बाकीच्या चौकटी तिच्यापर्यंत नेण्यासाठी असतात. त्या तीन असोत की सात, हे आपोआप ठरते. हे आराखडे काड्यापेटीएवढ्या आकारात काढा, म्हणजे तपशिलात अडकायला जागाच उरत नाही आणि पानाचा तोल लगेच दिसतो.

माणसे पूर्ण दिसण्याची सवय आपल्याकडे स्वाभाविक आहे. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या नाटकाचा प्रेक्षक रात्रभर एकाच जागेवरून रंगमंच पाहतो, म्हणून त्याला नट नेहमी पूर्ण दिसतो. चित्रकथेत मात्र वाचकाला कुठे उभे करायचे हे प्रत्येक चौकटीत तुम्ही ठरवता. जागा बदलली की एकदा दुरून दाखवा. दोघे बोलत असतील, तर कमरेपासून वर दाखवा आणि हात चौकटीत राहू द्या, कारण हातांवरून बोलण्याचा सूर कळतो. अगदी जवळचे दृश्य जपून वापरा. मुलीचा निर्णय दाखवण्यासाठी तिचा चेहराच हवा असे नाही. भिंतीला टांगलेला कासरा आणि त्याच्याकडे गेलेला तिचा हात, एवढेच दाखवले तरी वाचक तो निर्णय स्वतः वाचतो, आणि मला तेच अधिक परिणामकारक वाटते.

शर्यतीत बैल डावीकडून उजवीकडे धावू द्या, म्हणजे धाव आणि वाचन एकाच दिशेने जाईल. धावपट्टीच्या एकाच बाजूला उभे राहून पाहिल्यासारखी सगळी दृश्ये काढा. पलीकडे जायचेच असेल, तर मध्ये जोडी समोरून अंगावर येत असल्याची एक चौकट घ्या. नाहीतर पुढच्या चौकटीत जोडी परत फिरली असे वाटेल. कृष्णधवल प्रतीत दोन जोड्या वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून एक जोडी शाईने काळी भरा. पेन्सिलची करडी छटा झेरॉक्समध्ये बहुधा उडते.

आता पुतण्याच्या वाचनाविषयी. ती रचना पुष्कळ वाचकांना चकवते. उभी चौकट डावीकडे आणि दोन लहान चौकटी उजवीकडे घेतल्या, तर क्रमाबद्दल शंका राहत नाही. रचना तशीच ठेवायची असेल, तर लहान चौकटींमधली मोकळी पट्टी अगदी अरुंद करा आणि उभ्या चौकटीच्या बाजूची रुंद करा, म्हणजे डोळा आधी खाली उतरतो.

उत्तर: झेरॉक्सवाली (आर्वी)

वरील मांडणीत छपाईची बाजू जोडते. पहिले पान मुखपृष्ठ धरले, तर सम क्रमांकाची पाने डावीकडे येतात आणि पान उलटल्यावर डोळा प्रथम तिथेच पडतो. म्हणून निकाल सम पानावर ठेवा आणि त्याआधीच्या विषम पानाची शेवटची चौकट अपुरी सोडा. 8 आणि 9 ही पाने एकाच कागदाच्या एकाच बाजूवर येतात. तिथे दोन्ही पानांवर पसरलेले एक सलग चित्र जोड न चुकता छापता येते, तेव्हा जोडी सुटण्याचे दृश्य तिथेच आणण्याचा प्रयत्न करावा. झेरॉक्स यंत्र कडेची जागा कोरी सोडते, म्हणून महत्त्वाचे काहीही कडेपासून एक सेंटिमीटर आतच ठेवावे.

चित्र काढण्याआधी चौकटीत संवाद लिहून घ्यावेत. देवनागरीत वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार येत असल्यामुळे दोन ओळींत अंतर लागते आणि संवादाचा फुगा अंदाजापेक्षा मोठा होतो. जो आधी बोलतो त्याला शक्यतो डावीकडे उभे करावे, नाहीतर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदतात. मूळ पान ए-4 आकारात काढून ए-5 वर आणले, तर सर्व काही सुमारे 71 टक्के होते; 5 मिलिमीटर उंचीचे अक्षर साडेतीन मिलिमीटरचे उरते. लहान मुलांसाठी त्याहून बारीक अक्षर नको.

उत्तर: कोरा कागद (तुमसर)

सहा सारख्या चौकटींची रचना सोडू नका, असे माझे मत आहे. घरातील पाने त्या ठरावीक चालीने गेली, तरच शर्यतीच्या पानावरची रुंद चौकट वाचकाला खरोखर रुंद वाटेल. प्रत्येक पानाचा आकार बदलला, तर बदलाचे बळच जाते. तिरप्या कडाही केवळ धावेच्या वेळी वापराव्यात.

गर्दीसाठी एक युक्ती. पाहणाऱ्याची नजर उभ्या माणसाच्या उंचीवर धरली, तर सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या साधारण सारख्या उंचीच्या सर्वांचे डोळे क्षितिजाच्या रेषेवर येतात, मग ते जवळ असोत की दूर. केवळ शरीरे लहान होत जातात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढलेल्यांचे डोळे त्या रेषेच्या वर आणि मुलांचे खाली काढा, की धावपट्टीच्या कडेची गर्दी खरी दिसते. मुलीची बसण्याची ढब मात्र प्रत्यक्ष पाहून रेखाटावी. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरच्या पटात महिलाही जोड्या हाकतात. तिथे धुरकरी (जोडी हाकणारी) मागे किती झुकते, कासरा कोणत्या हातात किती ताणते आणि पाय कुठे रोवते, याची झटपट रेखाटने करून आणा आणि मगच 8 व 9 ही पाने पक्की करा.