'स्टेकहोल्डर'ला भागधारक म्हणावं का?

शिवारफेरी: पाणलोटाच्या कामाचा आराखडा मराठीत आणतोय. मूळ इंग्रजी मसुद्यात पानोपानी 'स्टेकहोल्डर', म्हणजे या कामाने ज्यांचं काही बरं-वाईट होणार ते सगळे. भाषांतर करणाऱ्याने सगळीकडे 'भागधारक' घातलंय. गावात वाचून दाखवलं, तर एका आजोबांनी विचारलं, "शेअर कितीला आहे?" दुसरा शब्द सुचवा.

काना_मात्रा: हितधारक. सरकारी कागदांत हल्ली तोच असतो.

कोरडवाहू: तो हिंदीतून आलाय. चालेलही, पण बोलताना कुणाच्या तोंडी येत नाही. 'हितसंबंधी' म्हणावं तर त्याला वास येतो. 'हितसंबंधी मंडळींनी रस्ता वळवला' असंच आपण म्हणतो. चांगल्या माणसाला कोण हितसंबंधी म्हणेल?

भागधारक मात्र नकोच. भाग विकत घ्यावा लागतो. पाणलोटात काय होतं बघा: माथ्यावर चर खणले, चराईबंदी केली, की पाणी पायथ्याच्या विहिरींना वाढतं. विहीरवाला 'लाभार्थी' झाला. शेळ्या राखणारी बाई? तिचं रान बंद झालं, पण तिला 'प्रकल्पग्रस्त' कुणी म्हणत नाही, कारण तिची जमीन गेलेली नाही. मुळात जमीनच नाही. आपल्याकडे फायदा झालेल्याला शब्द आहे, जमीन गेलेल्याला आहे, मधल्यांना नाही.

1972च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायतीचं काम उभं केलं. तिथे पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटलं: माणशी अर्ध्या एकरापुरतं, भूमिहीनालाही, आणि ऊस लावायचा नाही. सात-बारा समोर ठेवून यादी केली असती, तर भूमिहीन त्या यादीत आलेच नसते. तिथे मी बेधडक 'हक्कदार' म्हणेन. पण तुमच्या आराखड्यात हक्क अजून ठरायचाय, म्हणून तोही आज घाईचा.

काना_मात्रा: गंमत म्हणजे इंग्रजीत 'स्टेकहोल्डर' आधी पैजेचे पैसे सांभाळणारा तिऱ्हाईत होता. म्हणजे ज्याचं स्वतःचं काहीच पणाला लागलेलं नाही, तो! अर्थ पुढे पार उलटला.

शिवारफेरी: मग 'ज्यांचं काही पणाला लागलंय ते'? अर्थ नेमका आहे, पण तक्त्याच्या रकान्यात मावत नाही.

कोरडवाहू: जुन्या गोतसभांच्या, म्हणजे गावचे तंटे निवडणाऱ्या सभांच्या, महजरांवर (निवाड्याच्या कागदांवर) हजर असलेल्यांच्या निशाण्या असत. पाटलाचा नांगर, बलुतेदारांची आपापली हत्यारं. 'सगळे संबंधित' असं मोघम लिहून भागत नसे, कोण कोण बसलं होतं ते कागदावरच दिसे. (बायका त्यात सहसा नसत, तेव्हा फार हळवं व्हायला नको. 'गोत' हा शब्दही आज थेट जातीकडे नेईल.) पण ती पद्धत उचला. रकान्याला 'संबंधित' म्हणा आणि खाली एकेकाला त्याच्या कामावरून लिहा.

शिवारफेरी: लिहून पाहिलं. विहीरवाले, कोरडवाहू शेतकरी, शेळ्या-मेंढ्यावाले, ऊसतोडीला जाणारे, ग्रामपंचायत, वनखातं. ऊसतोडीवाले दिवाळीनंतर गावात नसतात, आणि आमची पहिली बैठक डिसेंबरात ठेवली होती. शेळ्यावाल्यांना तर बोलावलेलंच नव्हतं. भागधारकांच्या यादीत हे दिसलं नसतं. आता बैठक दसऱ्याआधी घेतोय, दिवेलागणीला, शेळ्या परतल्यावर.

काना_मात्रा: 'संबंधित' मला अजूनही फिकाच वाटतो. पण चालवा.