आप्पांची रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन चालू आहे, त्यात दुसऱ्या दोन गोळ्यांची भर पडली आणि हिरड्यांतून रक्त आलं

प्रश्न (यावल तालुका):
आप्पा ६३ वर्षांचे. हृदयाची मायट्रल झडप बदललेली आहे, धातूची बसवली आहे. रोज रात्री वॉरफॅरिन घेतात. गेल्या आठवड्यात केळीचे घड उतरवून आले आणि म्हणाले, "गुडघा भलता दुखस." मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणली. दोन दिवसांनी जुलाब लागले, तर मेट्रोनिडॅझोल सुरू झाली. पाचव्या दिवशी तोंड धुताना चूळ लाल आली, दंडावर रुपयाएवढा निळा डाग. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) ५.८ निघाला, महिन्यापूर्वी २.९ होता. डॉक्टरांनी वॉरफॅरिन तूर्त थांबवली आहे. पण डोस तर आम्ही वाढवलाच नव्हता, मग आकडा चढला कसा?

उत्तर १:
माझ्या आईची हीच गोळी आहे. केळी आणि पालेभाजी बंद करा.

उत्तर २ (चोपडा, २२ वर्षं मेडिकल चालवते):
भाऊ, आकडा चढवला तो मुख्यतः मेट्रोनिडॅझोलने. वॉरफॅरिन यकृतात मोडली जाते, आणि ते काम करणारं एन्झाइम मेट्रोनिडॅझोल अडवते. आजची गोळी पोटात जाते, पण कालची पुरती निघालेली नसते. ती रक्तात साठत जाते.

डायक्लोफेनॅकचं वेगळं. जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी एकमेकींना चिकटतात, ते चिकटणंच ती कमी करते. वर पोटाच्या अस्तरालाही इजा करते. यातलं काहीच आयएनआरमध्ये दिसत नाही, म्हणून मला तिचीच जास्त धास्ती वाटते. आकडा २.९ असतानाही पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शौच डांबरासारखी काळी झाली किंवा डोक्याला मार लागला, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

केळी खुशाल खाऊ द्या, त्यात व्हिटॅमिन के नावापुरतंच असतं. मेथी आणि कांद्याच्या पातीत मात्र भरपूर, आणि ते वॉरफॅरिनच्या उलट काम करतं. तरी बंद करू नका. एकदम बंद केली तर आकडा आणखी चढेल. हिवाळ्यात भरीत-पार्टीला पातीवर ताव आणि एरवी महिनाभर काहीच नाही, असं नको. रोजचं प्रमाण सारखं ठेवा.

प्रश्नकर्ता:
ताई, मग गुडघ्याला काय द्यायचं?

उत्तर २:
पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांना विचारून. रोज भरपूर घेतली तर तीसुद्धा आयएनआर वाढवते. आणि मेट्रोनिडॅझोल थांबली की आकडा परत खाली येईल, तेव्हा पुढची तपासणी चुकवू नका. आकडा फार उतरून झडपेवर गुठळी झाली तर तेही तितकंच वाईट.

प्रश्नकर्ता:
चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात 'वॉरफॅरिन चालू आहे' लिहून आप्पांच्या बंडीच्या खिशात ठेवली. तपासणी सोमवारी आहे.