ज्वारीचे दोन तास

काळी माती (यवतमाळ जिल्हा):
गेल्या महिन्यात गावात तपासणीचे शिबिर झाले आणि रक्तातील साखर वाढलेल्यांच्या रांगेत मीही निघालो. हातात आहाराचा छापील कागद पडला, ज्यात ओट्स आणि ऑलिव्ह तेल होते. पंधरा दिवसांत तो कागद फडताळात गेला. त्या दिवसांपासून मी एकच विचार करतो आहे की, चांगले खाणे निश्चयाने टिकत नाही, पेरणीने टिकते. आमच्या वडिलांच्या काळी कपाशीच्या वावरात तूर, मूग आणि ज्वारीचे तास (पेरणीच्या ओळी) असत, धुऱ्यावर म्हणजे बांधावर अंबाडी असे, रब्बीत थोडा जवस होई. त्यामुळे ताटात भाकर, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी कोणीही न ठरवता येत होती. पुढे सोयाबीनने ती जागा घेतली. ज्वारी सुटण्याला आमच्या आळसापेक्षा मोठी कारणे होती, हे मान्य केले पाहिजे: लवकर येणाऱ्या संकरित वाणांचे कणीस परतीच्या पावसात सापडून काळे पडे, आणि एकदा शेजाऱ्यांनी ज्वारी सोडली की साऱ्या शिवारातील पाखरे आणि रानडुकरे उरलेल्या एकाच वावरात उतरत. तरीही माझे म्हणणे असे की, ज्याच्याकडे जमीन आहे त्याने विक्रीचा हिशेब बाजूला ठेवून दोन तास घरच्या ज्वारीसाठी सोडावेत.

चुलीपाशी (अमरावती जिल्हा):
भाऊ, आपण वावरातल्या तासांविषयी लिहिले, मी घड्याळातल्या तासांविषयी लिहिते. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी सातला घर सोडावे लागते. सात माणसांच्या पोळ्यांची कणीक मी रात्रीच भिजवून ठेवू शकते, पण भाकरीचे पीठ ऐन वेळी मळावे लागते आणि प्रत्येक भाकर स्वतंत्र थापावी लागते. गावात भाकर मागे पडली ती केवळ सोयाबीनमुळे नव्हे. ती थापणाऱ्या हातांना पोळीने थोडी उसंत दिली, हेही कारण आहे. शिवाय ज्वारीचे कौतुक जरा जास्तच होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अन्नघटक तक्त्यांत 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू दिले आहेत आणि गव्हाच्या कणकेत सुमारे 11 ग्रॅम. लोहही दोन्हींत जवळपास सारखेच, 4 मिलिग्रॅमच्या आसपास. पांढऱ्या तांदळात मात्र तंतू 3 ग्रॅमही भरत नाहीत. मग दोष गव्हाचा आहे की, पोळी मऊ व्हावी म्हणून कोंडा काढणाऱ्या आपल्या चाळणीचा? चाळणी खुंटीला टांगून ठेवणे दोन तास पेरण्यापेक्षा सोपे आहे आणि त्याला पावसाची वाट पाहावी लागत नाही.

काळी माती:
ताई, आकड्यांपुढे मी मान तुकवतो. कोंड्याचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. पण धान्याचा एक स्वभाव तक्त्यात येत नाही. भाकर कोरडी उतरत नाही, ती आपल्याबरोबर भाजी, वरण, नाहीतर निदान झुणका आणि कांदा बोलावते. पोळी मात्र चहात बुडवूनही खपते, आणि माझी न्याहारी कित्येक वर्षे तशीच होत होती, तीही दोन चमचे साखर घातलेल्या चहाबरोबर. साखर वाढण्यात त्या कपांचा वाटा मोठा असावा, असे आता वाटते.

चुलीपाशी:
आणि ती बोलावलेली भाजी खुडायची, निवडायची आणि शिजवायची कोणी? घरातील पुरुषांनी भाकर थापायला घेतली, तर मी आपल्या पक्षात यायला तयार आहे.

विनाशेतीचा (वाशीम जिल्हा):
आपण दोघेही घरात निवड करण्याइतके धान्य आहे असे धरून बोलता. माझ्याकडे धुरासुद्धा नाही. अन्नसुरक्षा कायद्याखाली आम्हाला दरमहा माणशी 5 किलो धान्य मिळते, जानेवारी 2023 पासून फुकट मिळते, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही; त्यानेच चूल पेटते. पण पिशवीत गहू किंवा तांदूळ असतो, डाळ नसते. ताटातील कमतरता भाकरीची नसून डाळीची आणि भाजीची आहे, आणि नेमक्या त्याच वस्तू रोख पैशांनी आणाव्या लागतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळत असल्याने दुपारी कोणी भाजी शोधत हिंडत नाही. पावसाळ्यात तरोटा, कुरडू आणि काटवल फुकट मिळतात, तेव्हा आमचेही ताट सजते; दिवाळीनंतर पातळ वरण आणि मिरची. आमच्या आजोबांना मजुरीत ज्वारी मिळत असे. काळी मातीवाले भाऊ, आपल्या दोन तासांतील दोन पायल्या ज्वारी आणि मूठभर मूग आपण मजुरीबरोबर द्याल काय?

काळी माती:
प्रश्न रास्त आहे. रोख मजुरी कमी न करता द्यायचे ठरवले, तर दोन तास पुरणार नाहीत, सहा सोडावे लागतील. आणि सहा तास पाखरांपासून राखायला माणूस लागेल. आमच्या गावात आपल्यासारखीच बिनशेतीची चार घरे आहेत. आठ दिवस गोफण घेऊन माचाणावर बसण्याची पाळी त्यांच्यात आणि माझ्यात वाटून घेता येईल काय, हे मी पेरणीच्या आधी विचारणार आहे. ताईंच्या अटीविषयी: काल मी भाकर थापली. पीठ उकळत्या पाण्यात न भिजवल्यामुळे ती कडेने चिरली आणि तव्यावर दोन तुकड्यांत पडली. दोन्ही तुकडे मीच खाल्ले.