एकाच कुरणात पांढरी, जांभळी, रेघांची क्रोकस – जात एकच की वेगवेगळ्या?

उनाड_पाऊस

नमस्कार मंडळी. आम्ही स्वित्झर्लंडमध्ये बर्नला असतो, सध्या आई-बाबा आलेत मे अखेरपर्यंत. मागच्या रविवारी त्यांना एमेंटालमधल्या रेमिसगुमेनला घेऊन गेलो, क्रोकसची फुलं बघायला. साधारण १३०० मीटर उंची, कडेकडेला अजून बर्फाचे मळकट ढीग, आणि बर्फ नुकतं गेलंय तिथलं गवत एकदम झोपलेलं, तपकिरी, जणू कोणीतरी रात्रभर त्यावर चटई टाकून ठेवली होती. त्यातून ही फुलं. पण आम्ही पोचलो तेव्हा ढग होते आणि सगळी फुलं मिटलेल्या छत्रीसारखी उभी. बाबा गुडघ्याच्या नावाने आधीच कुरकुरत होते, वर येऊन म्हणाले एवढ्यासाठी आणलंस होय. साडेअकराच्या सुमारास ऊन आलं आणि आम्ही थर्मासमधला चहा संपवेपर्यंत अख्खा उतार उघडला, खोटं नाही सांगत, बाबा मग तासभर उठेनात.

आता प्रश्न. काही फुलं शुभ्र, काही गडद जांभळी, काही पांढऱ्यावर जांभळ्या बारीक रेघा, काही वर पांढरी आणि फक्त बुडाशी जांभळी, एक तर अगदी फिकट, धुवून धुवून रंग गेलेल्या साडीसारखं. सगळी एकमेकांना चिकटून, वीतभर जागेत पाच प्रकार. ही एकाच जातीची की मिसळलेल्या जाती?

दुसरं म्हणजे, आतला नारिंगी तुरा बघून आईने ठरवूनच टाकलं की हे केशर. मी नको नको म्हणेपर्यंत तिने एक खुडलं, वास घेतला, चिमटीत चोळलं, काहीच नाही. आता म्हणते कच्चं असेल. काय सांगू तिला?

---

रायवळ

काकूंना आधी सांगा की तिथली फुलं खुडायची नसतात, गावातले लोक वाटेच्या कडेला पाट्या लावून थकलेत. बाकी तर्क काही अगदीच चुकीचा नाही त्यांचा, केशर पण क्रोकसच. फक्त हे ते नव्हे.

तुम्ही बघितली ती सगळी एकच जात. आल्प्समधला हा छोटा रानटी क्रोकस, जुन्या पुस्तकांत क्रोकस अल्बिफ्लोरस म्हणजे पांढऱ्या फुलांचा, हल्ली व्हर्नस म्हणतात. नावात पांढरा आणि कुरणात जांभळ्यांची गर्दी, त्यामुळे लोक हमखास गोंधळतात. रंगावर जाऊ नका, आत बघा. मधला नारिंगी तुरा पिवळ्या पुंकेसरांपेक्षा आखूड किंवा फार तर बरोबरीचा असतो, पांढऱ्यातही आणि जांभळ्यातही. बागेत लावतात त्या थोराड डच क्रोकसमध्ये तुरा बहुतेक पुंकेसरांच्या वर डोकावतो.

आता रंग इतके का? याचं उत्तर मला फार आवडतं म्हणून जरा लांबण लावतो. आपल्याकडे हापूस आणि रायवळ आंब्यात जो फरक तोच. हापूस कलमाचा, त्यामुळे देवगडात शंभर झाडं लावा, आंबा तोच. रायवळ कोयीचा, प्रत्येक झाडाची चव वेगळी, एक गोड, एक आंबट, एक नुसता बाठा. हे कुरणातले क्रोकस कोयीचे. मधमाश्या पराग इकडचा तिकडे करतात, बी धरतं, त्या बीला एक छोटा चरबट गर असतो त्यासाठी मुंग्या ते ओढून नेतात, आणि प्रत्येक बी म्हणजे आईबापांच्या रंगाची नवीन भेळ. एखाद्यात जांभळा रंग पूर्ण उतरतो, एखाद्यात नुसत्या शिरांत, एखाद्यात अजिबातच नाही.

आणि केशराचं बरोब्बर उलटं. केशराच्या झाडात गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, त्यामुळे बीच धरत नाही. माणसाने कंद उपटून, वाटून, परत लावूनच ते आजवर चाललंय. काश्मीरमधल्या पांपोरच्या केशराच्या शेतात उभे राहिलात तर सगळी फुलं एकाच जांभळ्या रंगाची दिसतील, कारण तो सगळा हापूसच आहे. ज्याच्यापासून ते आलं तो ग्रीसमधला रानटी क्रोकस, कार्टराइटियानस, त्याच्यात मात्र परत पांढऱ्यापासून जांभळ्यापर्यंत सगळं सापडतं.

---

बर्नची_माहेरवाशीण

रायवळ +१, हापूसचं उदाहरण आवडलं.

फुलं उघडण्याचं सांगते. ती उजेडापेक्षा उबेला जास्त ऐकतात. ऊब लागली की पाकळीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा भराभर वाढते, पाकळी बाहेर वळते, गार झालं की बाहेरची बाजू वाढते आणि फूल मिटतं. म्हणजे दार उघडबंद होतं ते बिजागरीने नाही, वाढून! बघायचं असेल तर दुकानातली क्रोकसची कुंडी आणा, बाल्कनीत मिटलेली असेल ती स्वयंपाकघरात ठेवा आणि कुकर लावा, शिट्ट्या होईतो उघडते. माझ्या लेकीने हा प्रयोग शाळेत नेला होता. त्यामुळे अकराच्या आत जायचंच नाही आणि ढगाळ दिवशी तर मुळीच नाही, आम्ही पहिल्या वर्षी सकाळी आठला जाऊन हात हलवत परत आलोय, वर पोराबाळांची बोलणी.

आणि ट्रुबशाखेन गावात उतरला असाल तर कांबळींकडे गेलात की नाही? म्हणजे कांब्ली हो, बिस्किटवाले, १९१० पासून तिथेच आहेत. माझे सासरे पाटी बघून विचारत होते मालवणचे का हे :D

---

सहा_की_तीन

काकूंची खुडायची सवय वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. युरोपात क्रोकससारखं दिसणारं एक महाविषारी फूल आहे, कोल्चिकम, जर्मनीत हेर्ब्स्टत्साइटलोज म्हणतात. ते शरदात फुलतं, गुलाबी-जांभळं, तेव्हा पानं नसतात. ओळखायची सोपी खूण पुंकेसर मोजा, क्रोकसला तीन, कोल्चिकमला सहा. यातलंच कोल्चिसिन हे द्रव्य गाऊटच्या (एक प्रकारची सांधेदुखी) गोळ्यांत असतं, पण डोस जरा चुकला तरी जिवावर बेततं.

खरा धोका मात्र आत्ता वसंतात आहे, फुलाचा नाही, पानांचा. याच दिवसांत इथे सगळे बेअरलाउख म्हणजे रानलसणीचा पाला खुडायला जातात (थालीपीठ फर्मास होतं, कबूल) आणि कोल्चिकमची पानंही तेव्हाच वर येतात. पान चोळून वास घ्या हे ठीक, पण चार पानं चोळल्यावर बोटांनाच लसणीचा वास येतो, मग पाचवं काहीही असलं तरी लसूणच. बेअरलाउखला प्रत्येक पान वेगळ्या देठावर, कोल्चिकमची पानं बिनदेठाची, एकातून एक निघालेली. आमच्या आईला मी स्पष्ट सांगितलंय, भाजी बाजारातून आणायची.

आणि केशराबद्दल, एक ग्रॅम सुक्या केशराला दीडेकशे फुलं लागतात, तीही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एप्रिलमध्ये कच्चं-पिकं काही नसतं, सांगा काकूंना.

---

क्राकुफकर

आमच्याकडे पोलंडमध्ये तात्रा पर्वतात खोखोवोव्स्का खोऱ्यात एप्रिलमध्ये हाच सोहळा, पण ती जात वेगळी, जवळजवळ सगळं जांभळं, पांढरं एखादं दिसलं तर लोक फोटोला रांग लावतात. तिथे मेंढ्या बसवायची जुनी पद्धत होती, शेतात धनगर बसवतात ना आपल्याकडे तसंच, लेंडीखताची कुरणं आणि चराईने गवत आखूड राहिलेलं, त्यात क्रोकस पसरले. चराई थांबली की गवत माजतं आणि ही बुटकी फुलं मागे पडतात. गर्दीचं मात्र विचारू नका, वीकेंडला गेलात तर कासच्या पठारावरचा सप्टेंबरचा रविवार आठवेल, तेच पार्किंग, तेच सेल्फीसाठी फुलात लोळणारे. मंगळवारी जा.

---

उनाड_पाऊस

सगळ्यांना थँक्यू! आईला हापूस-रायवळ लगेच पटलं, केशराचा हट्ट सोडलाय. खुडलेलं फूल तिने वहीत ठेवलं होतं, बाबांनी चष्मा लावून मोजलं, तीनच पुंकेसर, आणि तुरा त्यांच्यापेक्षा आखूड. रायवळ, मार्क तुम्हाला.

एक राहिलं. फूल ओढलं तेव्हा खाली लांब पांढरी नळी आली, आई म्हणते देठ, पण त्यावर पान नाही, काही नाही. आणि हे परत मेमध्ये कुठे दिसेल का?

---

रायवळ

तो देठ नाहीच, ती फुलाचीच नळी आहे. बीजकोश खाली जमिनीत, कंदाजवळ, थंडीवाऱ्यापासून लपलेला. फूल सुकून गेल्यावर महिन्याभराने बोंड हळूच जमिनीवर येतं, तेव्हा तिकडे कोणी फिरकत नाही.

मेमध्ये १८००-२००० मीटरच्या वर जा, बर्फाची कड जसजशी वर सरकते तसतशी फुलं तिच्या मागोमाग चढतात. फक्त डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टचं (रोपवेचं) आधी बघून घ्या, मेमध्ये बऱ्याच लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद असतात, नाहीतर बाबांचा गुडघा परत तुमच्या नावाने खडे फोडेल.