एस्टेट सेलमध्ये मिळालेली १८४० ते १८६० च्या दशकांतली अमेरिकन पत्रं: लिलावात द्यावीत का?

श्रूजबरीकर (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला राहते. मागच्या शनिवारी जवळच्या एका जुन्या घराच्या एस्टेट सेलमध्ये (घरातलं सगळं सामान विकायला काढतात तिथे) बुटांचा एक खोका ४५ डॉलरला घेतला. वर क्रोशाचे रुमाल होते, त्यासाठीच घेतला खरं तर. घरी येऊन बघते तर खाली जुनी पत्रं! मोजली, ६२ भरली. बहुतेक सगळी स्टर्ब्रिजच्या एकाच कुटुंबाला आलेली आहेत.

मला यातलं काही कळत नाही, म्हणून दिसतं ते लिहिते. निम्म्याहून जास्त पत्रांना पाकीटच नाही. कागदाची घडी घालून लाखेनं चिकटवलंय आणि त्यावरच पत्ता लिहिलाय. तिकीटही नाही. कोपऱ्यात हातानं नुसता आकडा: १०, कुठे ५, एकावर २५. आठ-दहा पाकिटांवर वॉशिंग्टनचं विटकं लाल तीन सेंटांचं तिकीट आहे. एका पाकिटावर रंगीत झेंडा छापलाय, पण त्याचं तिकीट गळून पडलेलं दिसतं. आणि एका घडीच्या पत्रावर फ्रँकलिनचं तपकिरी पाच सेंटांचं तिकीट आहे, कडांना भोकं नसलेलं. शोधलं तर ते अमेरिकेनं देशभरासाठी काढलेल्या पहिल्या दोन तिकिटांपैकी एक निघालं! तेव्हापासून झोप उडाली आहे.

तिकिटं काढून वेगळी विकावीत की आहे तशी? ऑनलाइन टाकावं की लिलावात द्यावं? आणि खरेपणा कुठे तपासतात?

पुणेरी_अल्बम

शाळेत असताना आम्ही कोमट पाण्यात बशीत ठेवून तिकिटं सोडवायचो आणि टीपकागदावर वाळवायचो. अल्बममध्ये छान बसतात. फ्रँकलिनचं तेवढं जपून काढा.

नगरी_टपाल

ताई, कृपा करून पाण्याजवळही नेऊ नका! पुणेरी भाऊंचा हेतू चांगला आहे, लहानपणी मीही तेच केलंय. पण शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं टपाल असं सोडवलं की त्याचा जीव जातो. किंमत एकट्या तिकिटाची नसते. पत्र कुठून निघालं, किती मैल गेलं, किती पैसे पडले आणि ते कोणी भरले, हे सगळं त्या कागदावर असतं. कात्री, चिकटपट्टी, इस्त्री, खोडरबर, काही म्हणजे काही लावू नका. मागे कोणी पेन्सिलीनं किंमत किंवा नाव लिहिलं असेल तर तेही राहू द्या. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशव्या मिळतात, त्यात एकेक ठेवा. पीव्हीसीच्या नकोत.

मी पेनसिल्व्हेनियात असतो, मूळचा अहमदनगरचा. १९८३ पासून जुनं अमेरिकन टपाल जमवतोय. तुमच्या एकेका वस्तूकडे येतो.

घडीची पत्रं. १८४५ च्या जुलैआधी टपालखर्च कागदाच्या तावांवर आणि अंतरावर ठरायचा. एका तावाला ३० मैलांपर्यंत ६ सेंट, ८० पर्यंत १०, १५० पर्यंत साडेबारा, ४०० पर्यंत पावणेएकोणीस आणि त्यापुढे २५. हे साडेबारा आणि पावणेएकोणीस कुठून आले? तेव्हा बाजारात स्पॅनिश चांदीची नाणी चालत. एक रेआल म्हणजे साडेबारा सेंट, दीड रेआल म्हणजे पावणेएकोणीस. पाकीट घातलं तर तो दुसरा ताव धरून दुप्पट पैसे, म्हणून लोक पत्राचीच घडी घालत. आणि बहुतेक वेळा पैसे घेणारा भरायचा. कोपऱ्यातला तो आकडा म्हणजे टपालमास्तरनं लिहिलेलं देणं. आगाऊ भरले असतील तर ‘पेड’ असं लिहिलेलं किंवा शिक्क्यात सापडेल. तुमचं २५ चं पत्र बहुधा चारशे मैलांपलीकडून आलंय. बघा, आत गावाचं नाव असेल.

१ जुलै १८४५ पासून हिशेब वजनावर गेला. अर्ध्या औंसाला ३०० मैलांपर्यंत ५ सेंट, पुढे १०. १८५१ मध्ये आगाऊ भरल्यास ३ सेंटांत ३,००० मैल. म्हणून ती लाल तीन सेंटवाली पाकिटं ढिगानं मिळतात. साधं असेल तर पाच-दहा डॉलर, सुबक किंवा दुर्मिळ गावाचा शिक्का असेल तर जास्त.

झेंड्याचं पाकीट. अमेरिकेच्या यादवी युद्धातलं दिसतंय. तिकीट गळालंय असं लगेच धरू नका. १८६१ पासून सैनिकांना तिकीट न लावता पत्र टाकायची मुभा होती, घरच्यांनी पोचल्यावर पैसे द्यायचे. अशा पाकिटावर ‘सोल्जर्स लेटर’ लिहून अधिकाऱ्याची सही असते आणि ‘ड्यू ३’ असा शिक्का. छावणीत तिकिटं मिळायची कुठून? मिळाली तरी घामानं एकमेकांना चिकटायची. ती सही असेल तर रेजिमेंटचं नावही सापडेल, आणि मग गिऱ्हाईक नक्की आहे.

आता फ्रँकलिन. १ जुलै १८४७ ला ५ सेंटांचा फ्रँकलिन आणि १० सेंटांचा वॉशिंग्टन निघाला, आणि १ जुलै १८५१ पासून दोन्ही बाद झाले. चारच वर्षांचं आयुष्य. चारही बाजूंना कड शाबूत असेल आणि रंग ताजा असेल तर पत्रासकट शे-दीडशे ते तीन-चारशे डॉलर मी लिलावात पाहिले आहेत. पण त्याआधी तीन गोष्टी बघा. शिक्क्याची शाई तिकिटावरून कागदावर उतरली आहे का? अंतर आणि दर जुळतात का? आणि आत पत्राची तारीख काय आहे? शिक्क्यात त्या काळी सहसा वर्ष नसायचं, म्हणून आतली तारीख सोन्यासारखी.

हे इतकं बजावून सांगतोय, कारण मी फसलोय. १९८८ मध्ये एका विक्रेत्याकडून मी १० सेंटांच्या वॉशिंग्टनचं पत्र ६०० डॉलरला घेतलं. तेव्हाचा माझा दीड महिन्याचा किराणा आणि भाडं. चार वर्षांनी न्यूयॉर्कच्या फिलाटेलिक फाउंडेशनकडे, म्हणजे तिकिटांचा खरेपणा तपासणाऱ्या संस्थेकडे, तपासायला दिलं. सर्टिफिकेट आलं: तिकीट खरं, पत्र खरं, पण तिकीट या पत्रावरचं नव्हे. कागदावर उतरलेली शिक्क्याची रेघ कोणीतरी नंतर बारीक लेखणीनं ओढली होती. भिंग तर माझ्याकडेही होतं, मी फक्त तिकिटाकडे बघत बसलो.

लिलावाचं म्हणाल तर सगळी ६२ पत्रं लिलावगृहाला नको असतात. ते फोटो मागवतील, चार-पाच निवडतील आणि उरलेली एका लॉटमध्ये, म्हणजे एकत्र विकायच्या गठ्ठ्यात, घालतील. विकणाऱ्याकडून कमिशन घेतात, साधारण दहा-पंधरा टक्के, बोलून कमी होतं. घेणाऱ्याला बोलीवर आणखी अठरा-वीस टक्के पडतात. त्यामुळे तो बोली लावतानाच तेवढं वजा धरतो. न्यूयॉर्कच्या सीगल गॅलरीच्या संकेतस्थळावर जुन्या लिलावांचे भाव फुकट शोधता येतात. आधी तिथे चार संध्याकाळी घालवा, मग किमतीचा विचार करा. तपासणीसाठी फाउंडेशन आहे, नाहीतर पेनसिल्व्हेनियात बेलफोंटला अमेरिकन फिलाटेलिक सोसायटीची तपासणी सेवा आहे. दोन्हीकडे फी पडते, म्हणून पाच डॉलरचं पाकीट पाठवू नका.

आणि पत्रं वाचा हो! विकायच्या आधी वाचा. व्हर्जिनियात अलेक्झांड्रियाच्या टपालमास्तरनं स्वतः छापलेलं निळं तिकीट एका १८४७ च्या प्रेमपत्रावर होतं. तरुणानं शेवटी लिहिलं होतं, नेहमीप्रमाणे जाळून टाक. तिनं जाळलं नाही. १९०७ मध्ये तिच्या मुलीला ते सापडलं, आणि १९८१ मध्ये दहा लाख डॉलरला विकलं गेलं. तशा निळ्या कागदावरचं ते एकच तिकीट माहीत आहे.

श्रूजबरीकर

काका, खूप आभार. काल रात्री सगळं पांगवून बसले. झेंड्याच्या पाकिटावर तुम्ही म्हणालात तसं डावीकडे ‘सोल्जर्स लेटर’ आहे, खाली सही, मेजर अमुक असं काहीतरी, आणि ‘ड्यू ३’! अंगावर काटा आला.

फ्रँकलिनचं सांगते. शिक्का निळा, बाल्टिमोरचा, गोल, २० फेब्रुवारी. तिकिटावर पेनानं फुली आहे, पण ती तिकिटाच्या कडेलाच थांबते, कागदावर येत नाही. तिकिटाच्या डाव्या कोपऱ्याखालून निळ्या लंबगोलाचा तुकडा डोकावतोय, त्यात १ आणि शून्याचा अर्धा भाग वाटतो. आत तारीख १९ फेब्रुवारी १८४६.

१८४६. म्हणजे तिकीट निघायच्या आधीचं पत्र, बरोबर ना?

नगरी_टपाल

बरोबर, ताई. वाईट वाटतंय, पण तुम्ही फार नीट बघितलंत. बाल्टिमोर ते स्टर्ब्रिज टपालाच्या वाटेनं ३०० मैलांच्या वर, म्हणजे दर १० सेंट. तो निळा १० चा शिक्काच त्या पत्राचा खरा हिशेब आहे. विनातिकिटाच्या पत्राला नंतर कोणीतरी कुठून तरी आणलेला फ्रँकलिन चिकटवला. फसवायला म्हणूनच असं नाही. घरातल्या एखाद्या मुलानं रिकामी जागा भरली असेल. पेनाच्या फुलीचं तिकीट स्वतंत्रपणे खरं असू शकतं, त्यालाही थोडी किंमत आहे.

काढू मात्र नका. लिलावगृहाला किंवा घेणाऱ्याला स्पष्ट सांगा: तिकीट या पत्राचं नाही. तसं लिहून विकलं तर मान ताठ राहते. माझं १९८८ चं पत्र मी अजून विकलेलं नाही, सर्टिफिकेटासकट नव्या जमवणाऱ्यांना दाखवायला ठेवलंय.

चार्ल्सकाठचा

एक पुरवणी. एस्टेट सेलची पावती जपून ठेवा. १८६९ च्या ९० सेंटांच्या लिंकन तिकिटाचं जगात एकच पत्र माहीत आहे, आणि ते गेलं होतं कलकत्त्याला! १८७३ मध्ये बोस्टनहून, पत्ता ‘आइस हाउस, कलकत्ता’. बोस्टनच्या तळ्यांतला बर्फ १८३३ पासून लाकडाच्या भुशात बांधून जहाजानं तिकडे जायचा, मुंबईलाही यायचा. त्या बर्फखान्यातल्या माणसाला गेलेलं हे पत्र. ९०, १२ आणि १० सेंटांची तिकिटं, एकूण १ डॉलर १२ सेंट. १९६७ मध्ये इंडियानापोलिसमधल्या संग्राहकाच्या घरातून ते चोरीला गेलं आणि २००६ मध्ये शिकागोकडे सापडलं. चाळीस वर्षांनीही कोणाचं पत्र, कुठून आलं, हे विचारलं गेलंच.

नगरी_टपाल

ते पत्र प्रत्यक्ष बघायची माझी फार इच्छा आहे. माझ्याकडे उलट दिशेचं एक साधं आहे. १९९१ मध्ये एका प्रदर्शनात ६५ डॉलरला घेतलं. १८४२ मध्ये नगरच्या अमेरिकन मिशनमधून बोस्टनला अमेरिकन बोर्डाच्या, म्हणजे ते मिशन चालवणाऱ्या संस्थेच्या, कचेरीला. नगरचं स्पेलिंग ‘अहमदनुग्गुर’. बोस्टनला उतरल्यावर ‘शिप’ असा शिक्का आणि ६, कारण जहाजानं आलेलं पत्र बंदराच्याच गावात द्यायचं असेल तर सहा सेंट. आत लिहिलंय, पाऊस लांबला आहे, ज्वारी महागली आहे. मिशनच्या शाळेच्या आवारात मी लहानपणी खेळलोय. विक्रेत्याला त्यातलं एकही गाव माहीत नव्हतं, त्यानं ते ‘परदेशी, किरकोळ’ अशा खोक्यात टाकलं होतं.

श्रूजबरीकर

पुन्हा आले. आठवडाभर रोज तीन-चार पत्रं वाचून टाइप करते आहे.

यातली बरीचशी एका मुलीनं आईला लिहिलेली आहेत. ती लोवेलच्या कापडगिरणीत कामाला होती. लोवेलहून स्टर्ब्रिज म्हणजे पन्नास-साठ मैल, म्हणून कोपऱ्यात १०. आईला प्रत्येक पत्रामागे दहा सेंट पडत होते. १८४३ आणि ४४ या दोन वर्षांत मिळून चारच पत्रं आहेत. एकाच तावावर, समासात, मग ताव आडवा फिरवून लिहिलेल्या ओळींवरून पुन्हा लिहिलंय. एकात म्हणते की काही विशेष नसेल तर लिहिणार नाही, तुझे पैसे जातात.

मग काका, तुमची ती १ जुलै १८४५ ची तारीख. त्यानंतर कोपऱ्यात ५ येतात. त्या जुलैपासून १८४६ च्या अखेरपर्यंत अकरा पत्रं! दोन-दोन ताव, मोकळ्या ओळी, एकात रिबिनीचा तुकडा. ताव कितीही असोत, वजन अर्ध्या औंसाच्या आत राहिलं की झालं.

मी तारखा आणि आकडे एका वहीत मांडले तेव्हा हे दिसलं. हा गठ्ठा आता फोडवत नाही. सैनिकाचं पाकीट, २५ वालं आणि लाल तीन सेंटवाली लिलावाला देईन, बाल्टिमोरचं तुम्ही सांगितलंत तसं लिहून. मुलीची पत्रं इथे वूस्टरला अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीत (जुने अमेरिकन कागद जपणारं ग्रंथालय) दाखवून बघू का? ते अशी पत्रं घेतात का, आणि आधी फोन करावा की ईमेल?

नगरी_टपाल

ईमेल करा, पहिल्या पत्राचा दोन्ही बाजूंचा फोटो आणि तुमच्या वहीतलं ते तारखांचं पान जोडा. ते पान विसरू नका.