वाटाघाटीतून शस्त्रसंधी मागायची, तर निवेदनात नेमकं काय लिहावं?

वाटसरू_नाशिक
आमच्या वाचक गटातर्फे खासदारांना आणि परराष्ट्र मंत्रालयाला निवेदन द्यायचं आहे. मागणी एकच: इस्रायली आणि पॅलेस्टिनी यांच्यात बोलणी करून झालेली, टिकणारी शस्त्रसंधी, आणि भारताने त्यासाठी उघडपणे जोर लावावा. मसुद्यात सध्या "हिंसा ताबडतोब थांबवा" एवढंच आहे. तेवढ्याने कोणी हलणार नाही. दोन गोष्टी हव्यात. "आधी हमासचा बीमोड, मग बोलणी" म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं? आणि आधीच्या शस्त्रसंध्या कुठे मोडल्या, त्यावरून कोणती कलमं मागायची?

तहनामा
पहिल्या प्रश्नाला आकडेच पुरेसे आहेत. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसं मारली गेली, २५१ जणांना गाझात नेलं गेलं. लष्करी कारवाई करून जिवंत सोडवता आले ८. करारांतून मात्र नोव्हेंबर २०२३ च्या सात दिवसांत १०५, जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये ३० (यातले दोघे २०१४-१५ पासून अडकलेले होते) आणि १३ ऑक्टोबर २०२५ या एका दिवसात जिवंत उरलेले २०. लष्करी रेट्याची दुसरी बाजूही लिहा. डिसेंबर २०२३ मध्ये तीन ओलीस इस्रायली सैनिकांच्याच गोळ्यांनी चुकून मेले. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस दक्षिण गाझातल्या रफाहच्या बोगद्यात सहा ओलिसांना त्यांना धरून ठेवणाऱ्यांनी ठार केलं. आणि गाझाच्या आरोग्य खात्याच्या नोंदीप्रमाणे ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिथे ६७,००० हून अधिक माणसं मारली गेली होती. ओलिसांची काळजी असणाऱ्याने बोलण्यांचाच आग्रह धरावा, असं हे आकडे सांगतात.

आता मोडतोड. १९ जानेवारी २०२५ ला लागू झालेल्या करारात ४२-४२ दिवसांचे तीन टप्पे होते. पहिल्यात ३३ ओलीस (काही जिवंत, काही मृतदेह), त्यांच्या बदल्यात शेकडो पॅलेस्टिनी कैदी, लोकवस्तीतून सैन्य मागे. दुसऱ्यात कायमची युद्धबंदी आणि पूर्ण माघार. दुसऱ्याची बोलणी १६ व्या दिवशी, म्हणजे ३ फेब्रुवारीला सुरू व्हायची होती. तिथेच गाडी अडली. इस्रायल सरकारला पहिलाच टप्पा लांबवून आणखी ओलीस हवे होते, हमासला आधी माघारीची हमी हवी होती, आणि गाझाचा कारभार पुढे कोणाकडे हा प्रश्न करारात मोकळाच सोडला होता. १ मार्चला टप्पा संपला, २ मार्चला इस्रायलने मदतीचा मार्ग बंद केला, १८ मार्चच्या पहाटे बॉम्बफेक सुरू झाली. त्या एका दिवसात ४०० हून अधिक लोक गेले.

गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे, की यावरचा उपाय कागदावर आधीच होता. सुरक्षा परिषदेच्या १० जून २०२४ च्या ठराव २७३५ मध्ये म्हटलं आहे की सहा आठवड्यांत बोलणी पुरी झाली नाहीत तरी ती चालू असेपर्यंत शस्त्रसंधी चालू राहील. पण बोलणी चालू आहेत की मोडली, हे ठरवायचं कोणी? दोन्ही बाजू आपापल्या सोयीने ठरवतात. म्हणून निवेदनात असं वाक्य घाला: "कतार, इजिप्त आणि अमेरिका या मध्यस्थांनी बोलणी संपल्याचं एकत्रितपणे लेखी जाहीर करेपर्यंत कोणत्याही बाजूने शस्त्र उचलू नये." माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं कलम.

मालमोटार
मदतीबद्दल "पुरेशी मदत जाऊ द्या" असं लिहू नका. पुरेशी म्हणजे किती यावरच भांडण होतं. जानेवारी २०२५ च्या करारात रोज ६०० ट्रक ठरले होते, त्यातले ५० इंधनाचे, आणि निम्मे म्हणजे ३०० उत्तर गाझासाठी. युद्धाआधी रोज साधारण ५०० ट्रक जात, हा आकडा तुलनेला ठेवा.

मोजणीतही घोळ होतो. इस्रायलमधून दक्षिण गाझात जाणाऱ्या केरेम शालोमच्या नाक्यात ट्रक शिरला की एक बाजू तो "पोहोचला" म्हणते. माल तिथे उतरतो, मग आतून दुसऱ्या गाड्यांनी उचलायचा असतो. रस्ता सुरक्षित नसेल, उचलायला परवानगी मिळाली नाही किंवा वाटेत लुटालूट झाली, तर माल गोदामापर्यंत जातच नाही. व्यापाऱ्यांचे ट्रक आणि मदतीचे ट्रक एकत्र मोजले तर आकडा आणखी फुगतो. म्हणून मागणी अशी करा: मोजणी गोदामात माल उतरल्यावर, संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीनुसार, आणि मदत-व्यापार वेगवेगळे मोजून. शिवाय उत्तरेसाठी उत्तर सीमेवरचा झिकीमचा नाका वेगळा नमूद करा. दक्षिणेत उतरलेला माल उत्तरेत पोहोचेल याचा भरवसा नसतो.

निवाऱ्याचंही तसंच. त्याच करारात २ लाख तंबू आणि ६० हजार फिरती घरं होती. ती आली नाहीत या तक्रारीवरून १० फेब्रुवारीला हमासने ओलिसांची सुटका थांबवण्याची घोषणा केली. त्यामागे मोठा अडथळा असतो तो "दुहेरी वापराच्या", म्हणजे लष्करी कामालाही येऊ शकतील अशा वस्तूंच्या यादीचा. जनरेटर, पाइप, तंबूचे खांबसुद्धा त्यात अडकतात. यादी करारालाच जोडावी आणि नकार आला तर ठरावीक तासांत लेखी कारण द्यावं, असं मागा.

सीमारेषा
वरच्या दोन्ही प्रतिसादांत देखरेखीचा मुद्दा राहिला. १ ऑगस्ट २०१४ ची गाझातली ७२ तासांची शस्त्रसंधी दोन-अडीच तासांतच कोसळली. इस्रायली सैन्य जागच्या जागी राहील असं ठरलं होतं, पण तिथे राहून बोगदे उद्ध्वस्त करत राहायचं की नाही, यावर दोन अर्थ लावले गेले. रफाहजवळ चकमक झाली आणि सगळं संपलं. घटनास्थळी जाऊन नोंद करणारा त्रयस्थ कोणीच नव्हता.

त्रयस्थ असला तरी दोन्हीकडे हवा. गाझात (तो तेव्हा इजिप्तच्या ताब्यात होता) १९५६ नंतर संयुक्त राष्ट्रांची आणीबाणी सेना होती, तिच्यात भारतीय तुकडीही होती. पण ती फक्त इजिप्तच्या संमतीने, इजिप्तच्या बाजूला उभी होती. इस्रायलने आपल्या हद्दीत तिला कधीच जागा दिली नाही. मे १९६७ मध्ये इजिप्तने निघा म्हटलं, सेना निघाली, आणि ५ जूनला युद्ध पेटलं. माघार पुरी व्हायच्या आत काही भारतीय सैनिक तिथेच मारले गेले. भारताने हे भोगलं आहे, त्यामुळे दिल्लीला लिहिताना हा दाखला जरूर द्या. मागणी: निरीक्षक एका बाजूच्या मर्जीवर अवलंबून नकोत.

एक विनंतीही आहे. हमासची बंधनं तितक्याच स्पष्टपणे लिहा: रॉकेट बंद, सुटकेच्या वेळी ओलिसांचं प्रदर्शन बंद. फेब्रुवारी २०२५ मध्ये अशाच सोहळ्यांचं कारण देऊन इस्रायलने ६०० हून अधिक कैद्यांची सुटका काही दिवस रोखली होती. माणसाचा अपमान चुकीचा आहेच, करारालाही त्याने धोका होतो.

अर्जविनंती
खासदारांना नुसतं निवेदन देऊन थांबू नका, सोबत तयार प्रश्न द्या. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच मसुदा हातात हवा. मित्रदेशाचा अनादर करणारा प्रश्न नियमाने स्वीकारला जात नाही, म्हणून आरोपाची भाषा टाळा, "सरकारने काय केलं, काय करणार" एवढंच विचारा.

भारताची मतं तारखांसह द्या: २७ ऑक्टोबर २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तटस्थ, १२ डिसेंबर २०२३ ला शस्त्रसंधीच्या बाजूने, १२ जून २०२५ ला पुन्हा तटस्थ, १२ सप्टेंबर २०२५ ला न्यूयॉर्क जाहीरनाम्याच्या (इस्रायल आणि पॅलेस्टाइन अशी दोन राष्ट्रं असावीत, या तोडग्याच्या) बाजूने. मग विचारा, जूनमध्ये तटस्थ का? या प्रश्नाला उत्तर देणं भाग पडतं.

निवेदन मराठीतही काढा. अश्दोद, दिमोना, लोद इथे कोकणातून गेलेल्या बेने इस्रायली (मराठी ज्यू) घरांत आजही मराठी वाचणारी माणसं आहेत. त्यांच्यावरही रॉकेटं पडली. त्यांनी वाचलं तर परकं वाटू नये.

वाटसरू_नाशिक
मसुदा नव्याने लिहायला घेतला आहे. पण जिवंत ओलीस परतल्यावर इस्रायलवर करार पाळायचा दबाव उरतो कुठे?

तहनामा
हाच ऑक्टोबर २०२५ च्या करारातला कच्चा दुवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये दर १० ओलिसांमागे एक दिवस वाढत होता, याद्या संपल्या आणि १ डिसेंबरला लढाई सुरू झाली. आता अदलाबदलीची जागा माघार, निःशस्त्रीकरण आणि पुनर्बांधणी यांनी घ्यायला हवी. पण सुरक्षा परिषदेच्या १७ नोव्हेंबर २०२५ च्या ठराव २८०३ मध्ये माघारीला ठाम तारखा नाहीत. ती निःशस्त्रीकरणाच्या टप्प्यांशी बांधली आहे, आणि ते टप्पे अजून ठरवायचे होते. शस्त्रसंधी लागू झाली तेव्हा निम्म्याहून अधिक गाझा पिवळ्या रेषेच्या (इस्रायली सैन्य जिथवर मागे हटलं ती रेषा) इस्रायली बाजूला होता. तेव्हा मागा: प्रत्येक टप्प्याला तारीख, किती शस्त्रं जमा झाली की रेषा किती किलोमीटर मागे जाणार याचा जाहीर तक्ता, आणि पुनर्बांधणीसाठी भारत पैसा किंवा माणसं देणार असेल तर ती त्या तक्त्याला बांधून. ठरावाने गाझाच्या अंतरिम कारभाराला आणि आंतरराष्ट्रीय सेनेला दिलेली मुदत ३१ डिसेंबर २०२७ ची आहे, ती तारीख निवेदनाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा.