फौंड्रीचा पाच वर्षांचा प्लॅन भट्टीपर्यंत न्यायचा कसा?

शिरोलीकर

मंडळी, शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आहे, वडिलांनी उभी केलेली. निम्म्याहून जास्त माल ट्रॅक्टरचा, बाकी पिकअप गाड्यांचे फ्लायव्हील, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि थोडे पंपाचे केसिंग. सगळं ग्रे आयर्न, म्हणजे साधं बीड. दिवाळीनंतर कन्सल्टंट लावून पाच वर्षांचा प्लॅन करून घेतला. इलेक्ट्रिक गाड्या वाढतायत म्हणून इंजिनाच्या पार्टवरची भिस्त कमी करायची, युरोपचा कार्बन टॅक्स आला म्हणून 'ग्रीन कास्टिंग', फेटलिंगला, म्हणजे कास्टिंगच्या जादा कडा घासून काढायला, माणसं मिळत नाहीत म्हणून ऑटोमेशन. स्लाइड झकास आहेत, आप्पांनीही मान डोलावली. पण शॉपवर ढिम्म फरक नाही. मीटिंगमध्ये सुपरवायझर 'होय साहेब' म्हणतात आणि बाहेर पडले की परत टनेजच्या मागं. जर्मन गिऱ्हाइकानं पाठवलेला कार्बनचा फॉर्म टेबलावर तसाच पडलाय. कुणी असलं काही प्रत्यक्षात उतरवलंय का? हात कुठं घालायचा?

एक्सेलराव

प्रत्येक मुद्द्याला केपीआय, म्हणजे मोजायचा आकडा, लावा, जबाबदार माणूस ठरवा आणि शॉपवर डॅशबोर्डचा टीव्ही बसवा. दर सोमवारी रिव्ह्यू. आपोआप वळण लागतं.

जुना मेल्टर

एक्सेलराव, टीव्ही आम्हीपण बसवला होता. पोरं त्यावर मॅच बघायची.

शिरोलीकर, सुपरवायझर टनेजच्या मागं का लागतो? त्याचा इन्सेंटिव्ह टनावर आहे म्हणून. त्याचं काही चुकत नाही. आधी प्लॅनमधला एकेक मुद्दा ऑर्डर बुकाशेजारी ठेवून बघा, अर्धी भीती तिथंच उतरते.

युरोपचा सीबॅम घ्या, म्हणजे तुम्ही म्हणता तो कार्बन टॅक्स. 1 जानेवारी 2026 पासून तो पैशात लागू झाला, खरंय. पण तो मालाच्या कस्टम कोडवर चालतो. 7307, म्हणजे पाइप फिटिंग, यादीत आहेत. 8708 चे गाडीचे पार्ट मूळ यादीत नाहीत. यादी वाढवायचा प्रस्ताव डिसेंबर 2025 मध्ये आलाय, तेव्हा अगदी निवांतही बसू नका. शिवाय तिकडचा आयातदार असा माल वर्षाला 50 टनांच्या आतच मागवत असेल तर त्याला सूट आहे. त्यामुळं जर्मनाला आधी विचारा, बाबा हा फॉर्म कशासाठी? बहुतेक तो स्वतःच्या कंपनीच्या हिशेबासाठी मागत असणार, आणि त्यात तुमची वीज धरली जाते. सीबॅममध्ये लोखंड-पोलादाला सध्या फक्त थेट उत्सर्जन धरतात. हे दोन हिशेब वेगळे आहेत, कन्सल्टंटनं एकाच स्लाइडवर कालवले असतील.

आता भट्टी. टनामागं किती युनिट जातात? महिन्याच्या बिलाला टनांनी भागून आलेला आकडा नको, हीटचा, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या मालाचा, सांगा. इंडक्शन भट्टीवर 600 च्या आसपास असाल तर बरं चाललंय, 700 ला असाल तर कुठंतरी मेटल तयार होऊन उभं राहतंय. झाकण उघडं, पॉवर चालू, आणि सगळे वाट बघतायत. स्पेक्ट्रोचा, म्हणजे मेटल तपासणीचा, रिपोर्ट आला नाही, लॅडल तापला नाही, सँड प्लांटचा बेल्ट तुटला. ह्यात मेल्टरचा काही दोष नसतो, पण युनिट त्याच्या नावावर पडतात.

हीट बुकात दोन रकाने वाढवा. मेटल तयार झाल्याची वेळ आणि मीटरचा आकडा, मग ओतायला सुरुवात केल्याची वेळ आणि आकडा. पुढं कारण. आमच्याकडं नुसता कारणाचा रकाना होता तेव्हा सगळीकडं 'लाइट गेली' लिहिलेलं असायचं. मीटरचा आकडा लिहायला लावला आणि लाइट जायची थांबली. लाइट गेल्यावर मीटर पळतोय कसा, हे कुणाला सांगता येईना.

ग्रिडच्या एका युनिटला साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. टनामागं 50 युनिट वाचले की 35 किलो कमी, बिल उतरलं ते वेगळंच. फॉर्ममधला विजेचा रकाना असा भरतो.

इलेक्ट्रिकचं म्हणाल तर फ्लायव्हील आणि मॅनिफोल्डला त्या गाडीत जागाच नाही, ते जाणार. ट्रॅक्टर मात्र इतक्यात डिझेल सोडत नाही. ब्रेक ड्रम आणि हब राहतात, चाकाजवळचा स्टीअरिंग नकलपण राहतो, पण लोखंडी नकलला एसजी लागतं, म्हणजे ग्राफाइट गोल गोळ्यांचं असलेलं चिवट बीड. आणि एसजीत मॅग्नेशियम ट्रीटमेंट झाल्यावर मेटल रेंगाळलं की नोड्युलॅरिटी, म्हणजे तो गोलपणा, गेली. ज्या शॉपवर तयार मेटल लाइनची वाट बघत उभं राहतं, तिथं एसजीची ऑर्डर घेणं म्हणजे रिजेक्शन विकत घेणं. म्हणून आधी ती वाट बघण्याची मिनिटं. कार्बनचं काम आणि नव्या पार्टचं काम, दोन्ही तिथंच अडलंय.

कागलची लेक

काकांशी सहमत. फेटलिंगचं मी सांगते, कारण मी तेच बघते. आमच्याकडं बरीच पोरं ओडिशा-बिहारची. सणाला गावी गेली की निम्मी परत येतात, निम्मी पुण्यात डिलिव्हरीच्या कामाला लागतात. इथल्या पोरांना तर ग्राइंडरचा धुरळा नकोच आहे, आणि त्यांच्या आयांनाही नको आहे! म्हणून लगेच रोबो घेऊ नका. कास्टिंगवर एवढी फिन, म्हणजे साच्याच्या फटीतून आलेली जादा कड, येतेच का, ते बघा. आमच्या एका हाउसिंगला कोअर प्रिंट, म्हणजे आतला वाळूचा गाभा बसायच्या जागा, झिजलेले होते, कोअर हलायचा आणि पार्टिंगला जाड कड यायची. पॅटर्न दुरुस्त केला तर एका पोराचं ग्राइंडिंग निम्म्यावर आलं. रोबोला तीच जाड कड दिली असती तर व्हील खाऊन बसला असता. डस्ट कलेक्टर मात्र खरंच घ्या.

शिरोलीकर

काका, ताई, मनापासून आभार. जर्मन गिऱ्हाइकाला मेल टाकला, काका म्हणाले तेच निघालं. त्यांना त्यांच्या वार्षिक अहवालासाठी हवंय, सीबॅमचा संबंध नाही. आता अडचण इन्सेंटिव्हची. टनाऐवजी दुसरं काही म्हटलं की आप्पा म्हणणार, माणसं काम सोडून जातील.

जुना मेल्टर

टन काढू नका, टन कुठला ते बदला. वितळलेला टन मोजत असाल तर गिऱ्हाइकानं पास केलेला मोजा. आणि युनिट वाचले त्या पैशातला काही वाटा भट्टी आणि मोल्डिंग, दोन्हीकडच्या शिफ्टला मिळून द्या, नाहीतर एकमेकांच्या नावावर कारणं लिहीत बसतील. पहिले दोन महिने जुनाच इन्सेंटिव्ह ठेवा, नव्यानं किती निघाला असता ते शेजारी लिहून बोर्डावर लावा. जास्त निघतोय असं दिसलं तर तीच माणसं आप्पांकडं जातील.

हीट बुक मराठीत छापा, रकाने मोठे ठेवा, हातात ग्लोव्ह असतात. आणि पेन सुतळीनं टेबलाला बांधा.

एक्सेलराव

टीव्हीचं मागं घेतो. हीट बुकचा नमुना असेल तर इथं टाका की, काका.